त्या पैशाला हात लावू नकोस

प्रिय पोरी,

तुझ्या पत्रात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस: 'निवृत्तीसाठी साठवलंय त्यातलं थोडं काढते, नवं काम शिकते, मग भरून टाकीन.' क्षेत्र बदलावं की नाही यावर मी बोलणार नाही. मन उडालेल्या कामात आणखी पंचवीस वर्षं घालवायची नसतात, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. खुशाल बदल. पण त्या पैशाला हात लावू नकोस.

'मग भरून टाकीन' याचा हिशोब तू केलेला दिसत नाही, म्हणून मी करते. वर्षाला ८ टक्के वाढ धर. रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते काढायला ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी, म्हणजे ८ ने भाग. रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते. आज चाळिसाव्या वर्षी ठेवलेले १०० सदुसष्टाव्या वर्षी जवळपास ८०० होतील. तेच आज काढलेस आणि एकोणपन्नासाव्या वर्षी पै न् पै परत ठेवलीस, तर ४०० होतील. तुला वाटतं १०० चे २०० व्हायचे राहिले, एवढंच. अगं, राहून जातं ते ४०० चे ८०० होणं! शिवाय महागाई ६ टक्के राहिली तर खर्च दर १२ वर्षांनी दुप्पट होतो, म्हणजे ते ८०० सुद्धा चैनीचे नव्हेत. म्हणून म्हणते, हात लावू नकोस.

मग शिकताना जगायचं कशावर? वेगळ्या पैशावर, आणि तो आधी जमवायचा. राजीनाम्याआधी निदान सहा महिने, नव्या कामात सुरुवातीला जेवढं मिळेल तेवढ्यातच घर चालवून बघ. उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाक. पैसा जमेल, आणि आपल्याला खरंच किती लागतं तेही कळेल. मला विचारशील तर हे कळणं जमलेल्या पैशापेक्षा मोलाचं. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचा मागचा इतिहास तपासला. (तोही घरचा शीतपेयांचा धंदा सोडून मध्यम वयात या कामात आलेला.) पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढले आणि पुढे महागाईइतकीच ती रक्कम वाढवली, तर पुंजी निदान ३० वर्षं पुरते, असं त्याने मांडलं. म्हणजे पुंजी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट हवी. सगळीकडे आणि सदासर्वकाळ हाच आकडा चालेल असं मी म्हणत नाही. पण यातून एवढं तर दिसतं की महिन्याच्या खर्चातला प्रत्येक १ कमी झाला की लागणारी पुंजी ३०० ने कमी होते. तू मात्र अजून पुंजी कशी वाढेल याच काळजीत आहेस आणि खर्च लिहून काढायला तुला सवड नाही!

निवृत्तीच्या पैशात मालक घालतो तो वाटा पूर्णपणे आपला व्हायला किती वर्षं नोकरी लागते आणि कंपनीचा आरोग्यविमा कोणत्या तारखेला संपतो, ते लेखी विचारून घे. काही आठवडे आधी निघून हक्काचे पैसे सोडणारे लोक मी पाहिले आहेत.

मला घरी हट्टी म्हणतात. मी क्षेत्र बदललं तेव्हाच धाकट्या भावावर अडचण आली. चालू कमाईतून होतं तेवढं मी दिलं. ते पुरलं नाही. साठवलेलं काढायला सगळ्यांनी सांगितलं, मी काढलं नाही. तो पुढे बराच काळ माझ्याशी बोलला नाही. त्या अबोल्याची खंत मला अजून आहे. पण आज मी कुणावर अवलंबून नाही, आणि त्याच्या आजारपणात हॉस्पिटलचं बिल मीच भरू शकले, ते त्याच न काढलेल्या पैशामुळे. तेव्हा मला दगड म्हणणाऱ्यांतलं कुणी त्या वेळी पुढे आलं नाही. तुझ्यावरही अशी वेळ येईल आणि नाही म्हणणं जिवावर येईल. तरीही हात लावू नकोस.

आता मागच्या तीन महिन्यांचा खर्च लिहून पाठव. अंदाज नको, खरे आकडे. तुझ्या नव्या कामाबद्दल मला खूप ऐकायचंय, पण राजीनाम्याच्या तारखेचं आपण ते आकडे बघूनच बोलू.

तुझी,
मावशी