विंडोज ११: बटणं गेली कुठे?

या महिन्याच्या पत्रांत व्हायरस नाही, प्रिंटर नाही, मोबाइलसुद्धा नाही. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्या आगेमागे मुलांनी, भाच्यांनी आणि दुकानदारांनी घरोघरची मशीनं ११वर नेऊन ठेवली, आणि त्यावर रोज काम करणारी माणसं आता मला पत्रं लिहितायत. माझी पद्धत आधीच सांगते. जे विंडोजच्या सेटिंग्जमधून पूर्वीसारखं करता येतं ते आजच करून टाका. "सवय होईल हो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, काम तुम्हाला करायचंय. जे सेटिंग्जमध्ये नाही त्यासाठी कीबोर्डची एखादी जोडी पाठ करा. बाहेरचं सॉफ्टवेअर आणून जुना चेहरा चढवणं मला पसंत नाही. का ते पुढे येईलच.

ताई, मी घरी बसून मराठी अनुवादाचं काम करते. पूर्वी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटायचं. भाच्याने मशीन ११वर नेलं, मराठी "टाकून दिलं" आणि गेला. आता "मी" लिहायला जाते तर "सग" उमटतं. शिवाय वर्डमध्ये मराठी चालू केलं की ब्राउझरमध्येही मराठीच. पत्ता टाइप करायला गेले की देवनागरी! — अनुवादिका, नागपूर

"सग" लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरून दुखणं लगेच कळलं. भाच्याने मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड घातलाय. त्यात एम दाबलं की स आणि आय दाबलं की ग. तुम्हाला हवा आहे मराठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटवणारा. तो विंडोजमध्येच आहे, २०१९पासून, कुठून उतरवून घ्यायला नको. सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. मराठीच्या ओळीत उजवीकडे तीन ठिपके आहेत, त्यातून लँग्वेज ऑप्शन्स. तिथे कीबोर्ड जोडायचं बटण आहे, त्यात मराठी फोनेटिक निवडा. आणि महत्त्वाचं म्हणजे जुना इनस्क्रिप्ट तिथूनच काढून टाका. तो राहिला तर विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलताना दर वेळी मध्ये तोच येईल.

(इनस्क्रिप्ट वाईट नाही बरं का. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि हिंदी, गुजराती, बंगाली सगळीकडे जागा त्याच. शिकायला वय आणि वेळ असेल तर त्याच्यासारखा वेग दुसऱ्या कशात नाही. पण उद्या सकाळी काम द्यायचं असताना ते सुरू करायचं नसतं.)

आता दुसरी तक्रार. भाषा सगळ्या खिडक्यांना एकदम लागते हे ११चंच पाप नाही, विंडोज ८पासून तसं चाललंय. १०वर तुम्हाला ते जाणवलं नाही, म्हणजे तेव्हा कुणीतरी एक खूण करून ठेवली असणार आणि नव्या मांडणीत ती गेली. टाइम अँड लँग्वेजमध्येच टाइपिंग, त्यात खाली अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवू द्या, अशा अर्थाचा चौकोन दिसेल. त्यावर खूण करा. वर्ड मराठीत राहील, ब्राउझर इंग्रजीत.

त्याच पानावर इनपुट लँग्वेज हॉट कीज अशी एक ओळ आहे. तिथून डावा ऑल्ट आणि शिफ्टची जोडी बंद करून टाका. टाइप करताना बोटं चुकून त्यावर पडतात आणि वाक्याच्या मध्यात भाषा पालटते. लोकांना वाटतं कीबोर्ड बिघडला, आणि नवा घेऊन येतात.

आमच्या सोसायटीचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. नवीन विंडोज आल्यापासून रुपयाचं चिन्ह येत नाही, दहा लाख "१,०००,०००" असे दिसतात आणि तारखांचा तर गोंधळच आहे. काही बरोबर, काही सेलच्या डावीकडे चिकटलेल्या. एक्सेल पुन्हा टाकू का? — खजिनदार, डोंबिवली

एक्सेलला हात लावू नका. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुमचं मशीन सध्या अमेरिकेत राहतंय. सेटअप करताना कुणी तरी भराभर "नेक्स्ट, नेक्स्ट" केलं आणि इंग्लिश, युनायटेड स्टेट्स तसंच राहिलं.

तारखांचं आधी बघा, कारण पैशाचा खरा धोका तिथे आहे. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर. तुम्ही १३ एप्रिल आपल्या पद्धतीने लिहिलात की एक्सेल तेरावा महिना शोधतो, सापडत नाही, म्हणून ती नोंद नुसता मजकूर समजून डावीकडे ठेवतो. त्या डावीकडच्या नोंदी निदान दिसतात तरी. पण ५ एप्रिल लिहिलात तर तो मुकाट्याने ४ मे करून घेतो आणि उजवीकडे नीट बसवतो. म्हणजे ज्या "बरोबर" दिसतायत त्यातच चूक लपलीय. अपग्रेडनंतर घातलेल्या, १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी पावतीपुस्तकाशी ताडून बघा. ऑडिटरच्या आधी.

उपाय: लँग्वेज अँड रीजनमध्ये रीजनल फॉरमॅट म्हणून इंग्लिश, इंडिया निवडा. तारीख दिवस-महिना-वर्ष होईल आणि स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतील, एक्सेलमध्येसुद्धा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. चुकीच्या समजल्या गेलेल्या जुन्या नोंदी मात्र आपोआप सुधारत नाहीत, त्या हातानेच. मग कीबोर्डच्या यादीत इंग्लिश, इंडिया जोडा आणि अमेरिकेचा काढा. त्यानंतर उजवा ऑल्ट दाबून ४ दाबलं की ₹ येईल.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर राइट क्लिक चालू असतं. आता कॉपी-पेस्टची नुसती चित्रं येतात, आणि आमच्या झिपच्या सॉफ्टवेअरचे पर्याय बघायला आणखी एक क्लिक करावा लागतो. गिऱ्हाईक उभं असतं हो! — इचलकरंजी

दादा, हा राग मला मान्य आहे. जुना लांबलचक मेनू झटकून छोटा केला हे दिसायला चांगलं, पण ज्याला त्या लांब यादीतल्या खालच्याच गोष्टी लागतात त्याला रोजचा भुर्दंड. सेटिंग्जमध्ये याला बटण दिलेलं नाही. तेव्हा शिफ्ट धरून राइट क्लिक करा, थेट जुना मेनू उघडतो. फाइल निवडलेली असेल तर शिफ्ट आणि एफ १०नेही तेच. नाव बदलायला मेनूत जाऊच नका, फाइल निवडा आणि एफ २ दाबा. चित्रांखाली शब्द नसण्याबद्दल इतकी ओरड झाली की २०२४च्या मोठ्या अपडेटमध्ये शब्द परत आले. तुमच्याकडे अजून नुसती चित्रं असतील तर ते अपडेट राहिलंय.

रजिस्ट्रीत एक नोंद घालून जुना मेनू कायमचा आणता येतो, हेही खरं. काम करतं. पण रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या साऱ्या सेटिंग्जची वही, तिथे भलतीच ओळ खोडली गेली तर मशीन सुरू व्हायची पंचाईत. ज्याला ती नोंद परत काढता येते त्याच्याकडूनच करून घ्या. व्हिडिओ बघून, गिऱ्हाईक उभं असताना, नको.

बाहेरून सॉफ्टवेअर आणून टास्कबार (पडद्याच्या तळाची पट्टी), मेनू सगळंच १०सारखं करणाऱ्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. त्यातली काही चांगली बनवलेली आहेत. पण ती विंडोजच्या पोटात हात घालून चालतात, आणि मोठं अपडेट आलं की आतलं काही हलतं. मग सकाळी टास्कबारच दिसत नाही. घरच्या मशीनवर हौस म्हणून ठीक. ज्या मशीनवर पोट आहे तिथे नाही.

स्टार्ट मधोमध का आणलं? आणि डाव्या कोपऱ्यात माउस गेला की बातम्या उसळतात. उघड्या फाइलींची नावंही दिसत नाहीत. — कोल्हापूर, अहिल्यानगर, बेळगाव आणि आणखी बरेच

टास्कबारवर मोकळ्या जागी राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज. तिथे विजेट्स बंद करा, बातम्या गेल्या. खाली टास्कबार बिहेवियर्स उघडा: अलाइनमेंट लेफ्ट करा, आणि बटणं एकत्र करण्याचा पर्याय नेव्हरवर ठेवा म्हणजे नावं दिसतील. हा नावांचा पर्याय २०२१ साली ११ आलं तेव्हा नव्हताच, २०२३मध्ये परत दिला.

बेळगावच्या काकूंनी स्क्रोलबार इतका बारीक होतो की धरता येत नाही असंही लिहिलंय. अॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, त्यात स्क्रोलबार कायम दाखवा. अॅक्सेसिबिलिटीतच टेक्स्ट साइझही वाढवून घ्या.

डेस्कटॉपवरचे नातीचे फोटो "वनड्राइव्ह भरलं" म्हणून ओरडतायत. मी तर काहीच चढवलं नव्हतं. — निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

तुम्ही नाही, सेटअपने चढवलं. मायक्रोसॉफ्टचं खातं घालून पुढे गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीकडे, वळवले जातात आणि फुकटची जागा ५ जीबीच असते. फोटोंना ती किती पुरणार! गुरुजी, क्रम चुकवू नका. आधी सगळे फोटो पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि तिथून उघडून बघा. मगच वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये मॅनेज बॅकअप बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. घाबरून काही पुसू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून ओढून परत आणायच्या. ढगावरचं काही काढायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

वर्डपॅड दिसत नाही. — सातारा

काढून टाकलं, २०२४च्या अपडेटमध्ये. लिबरऑफिस हे वर्डसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमच्या जुन्या फाइली त्यात उघडतील.

सरळ १०वर परत जाता येतं का? — बरेच जण

अपग्रेडला दहा दिवस झाले नसतील तर हो. सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. तुमच्या फाइली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं जातात. दहा दिवस उलटले किंवा "जागा मोकळी करा" म्हणून कुणी जुन्या विंडोजचा फोल्डर पुसला, की तो रस्ता बंद. मग सगळं पुसून नव्याने १० टाकणं आलं, आणि त्याचा सल्ला मी देणार नाही. ज्यांची मशीनं जुन्या प्रोसेसरमुळे ११ घेतच नाहीत, त्यांनी १०वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवावं. घरगुती वापरासाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, आणि सेटिंग्जचा बॅकअप खात्यावर ठेवायला तयार असाल तर पैसे पडत नाहीत. नोंदणीची ओळ विंडोज अपडेटच्या पानावर उजवीकडे दिसते.