बंदुकीचा हक्क आणि कायद्याचा प्राध्यापक

प्रश्न : मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत घटनात्मक हक्क आणि बंदूक नियंत्रण यांवर संशोधन करून त्यातच प्राध्यापक व्हायचं म्हणते. हे लोक नेमकं काय करतात? तयारी कुठून करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी निकालपत्रं वाचावीत, क्रमाने आणि मुळातून. अमेरिकेच्या घटनेतली १७९१ची दुसरी दुरुस्ती म्हणजे एकच वाक्य. त्यातला शस्त्र बाळगण्याचा हक्क वैयक्तिक आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. २०१०च्या मॅकडोनाल्ड निकालाने तो राज्यांवरही बंधनकारक झाला. अभ्यासाची दिशा मात्र २०२२च्या ब्रूएन निकालाने बदलली. आजचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो, हे आता सरकारने दाखवायचं असतं. त्यामुळे प्राध्यापकांना जुने कायदे धुंडाळावे लागतात. ड्यूक विद्यापीठाने अशा कायद्यांचा संग्रह ऑनलाइन खुला ठेवला आहे, तिथून सुरुवात करावी.

नवखे अभ्यासक इथेच फसतात. जुना कायदा सापडला की तो पुरावा झाला असं मानतात. तो कोणाला लागू होता, त्याखाली खटले चालले का, तो कधी रद्द झाला, हे तपासल्याशिवाय त्याला वजन नाही. शिवाय प्रमाण १७९१च्या काळाचं धरायचं, की हा हक्क ज्या चौदाव्या दुरुस्तीमुळे राज्यांना लागू झाला तिच्या १८६८चं, हा वाद मिटलेला नाही.

२०२४चा रहिमी निकाल तिने बारकाईने वाचावा. जोडीदाराला धोका असल्याचा न्यायालयीन आदेश ज्याच्यावर आहे, त्याला बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी टिकला. हुबेहूब जुना कायदा लागत नाही, तत्त्व जुळलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. आधार होता शांतता राखण्यासाठी जामीन घेणाऱ्या जुन्या कायद्यांचा. आपल्याकडची ‘चॅप्टर केस’, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेणारी कारवाई, माहीत असलेल्या विद्यार्थिनीला हा युक्तिवाद चटकन उमगेल.

नोकरीचं गणित कठीण आहे. एक वर्षाच्या एलएलएमवर, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीवर, तिथे पूर्णवेळ प्राध्यापकी क्वचितच मिळते. तीन वर्षांची जेडी (तिथली कायद्याची मुख्य पदवी), नाहीतर एसजेडी (कायद्यातली डॉक्टरेट) किंवा पीएचडी, आणि त्यासोबत प्रकाशित लेख लागतात. तिथली बहुतेक विधी नियतकालिकं विद्यार्थीच संपादित करतात. लेख एकाच वेळी अनेकांकडे पाठवता येतो. लेख पाठवण्याचा मुख्य हंगाम फेब्रुवारी आणि ऑगस्ट.

अर्जासाठी तुलनात्मक विषय घ्यावा. आपल्या घटनेचं कलम १९ शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ जमण्याचा हक्क देतं. बंदूक मिळते ती १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालच्या परवान्याने, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे दोनच. या परवाना पद्धतीवर आत्ताच एक नीट निबंध लिहून ठेवावा.