संलग्न, संलग्नित आणि दत्तक पोरं

सांगलीच्या एका प्राध्यापकांची शंका आहे: कॉलेजच्या नव्या लेटरहेडवर 'अफिलिएटेड टू' छापायचं की 'अफिलिएटेड विथ', आणि खाली मराठीत 'संलग्न' लिहायचं की 'संलग्नित'?

मराठीचं आधी, कारण तिथं माझा जीव जास्त जळतो. 'संलग्नित' नकोच. 'लग्' म्हणजे चिकटणं आणि 'लग्न' म्हणजे चिकटलेलं. 'ला-ले-लं'चं काम त्या 'न'नं आधीच केलंय, वर आणखी 'इत' कशाला? भग्न मूर्तीला आपण भग्नित म्हणतो का? कामात मग्न माणसाला मग्नित? तरी सातारा-सांगलीकडं कॉलेजांच्या कमानींवर हे 'संलग्नित' दिमाखात झळकतंय. कुणी शहाणे 'अटॅच्ड' सुचवतात. कोर्टात त्याचा अर्थ जप्ती होतो, एवढं सांगून ठेवतो.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. दोन जीव चिकटले म्हणून 'लग्न', असं मांडवातले सूत्रसंचालक हमखास सांगतात. ऐकायला गोड, पण चूक. विशिष्ट वेळी पूर्व क्षितिजाला लागलेली रास म्हणजे लग्नरास. ती पाहून मुहूर्त धरायचा, आणि मुहूर्ताचं नाव मागून विवाहाला मिळालं. संस्कृतचे काही जाणकारसुद्धा चिकटण्यावरून थेट बोहल्यावर उडी मारतात. मग पत्रिकेतल्या लग्नस्थानाचं काय करायचं, ते त्यांनीच सांगावं.

आता 'अफिलिएट'. जोडलेला, संबंधित वगैरे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. त्याच्या पोटात बसलाय लॅटिनमधला 'फिलिउस', म्हणजे मुलगा. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'अफिलिआरे' म्हणजे मुलगा म्हणून पदरात घेणं, दत्तक घेणं! इंग्लंडात तर अनौरस मुलाचा बाप ठरवून त्याच्याकडून पोटगी घ्यायच्या दाव्यांना 'अफिलिएशन'चे दावे म्हणत. 1957 च्या तिथल्या कायद्याच्या नावातच तो शब्द होता. म्हणजे विद्यापीठ हा बाप. तुमच्या विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज बघा. 1919 साली निघालं ते मुंबई विद्यापीठाच्या पदरात, पुढं पुणे, आणि 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर त्याच्या. एक पोर आणि तीन दत्तक बाप. धर्मशास्त्र्यांना घाम फुटला असता.

'फिलिउस' आला कुठून? दूध पिणं या अर्थाच्या मूळ धातूपासून. संस्कृतात तोच 'धयति' होतो, आणि त्याच घरातली 'धेनु'. भिलवडीच्या गोठ्यातली गाय आणि तुमच्या लेटरहेडवरचं 'अफिलिएटेड' सख्खी भावंडं निघाली! काही कोशकार 'फिलिउस'ला 'भू', म्हणजे होणं, या धातूकडे ओढतात. ओढोत बापडे. लॅटिनमधली 'फेमिना', म्हणजे बाई, स्तनपान करणारी म्हणून याच धातूची असताना तिचं पोर दुसऱ्या गोत्रात कशाला ढकलायचं?

पण खरी गंमत साताऱ्याची आहे. 1848 साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतला. डलहौसीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. इंग्रजीत ते 'अ‍ॅनेक्स' केलं. हा शब्द 'नेक्तेरे', म्हणजे बांधणं, यावरून आलेला. आपला रोजचा 'कनेक्ट'ही त्याच दोरीचा. दत्तक तेवढा नाकारला आणि राज्य दावणीला बांधून घेतलं. मी तर म्हणतो, 'अफिलिएट' आणि 'अ‍ॅनेक्स' यांतला फरक शिकवायला साताऱ्याइतकं चांगलं उदाहरण साऱ्या इंग्लंडात सापडायचं नाही. दोन्हीला 'जोडणे' असा एकच अर्थ देऊन मोकळे होणाऱ्या शाळकरी कोशांनी हे एकदा वाचावं.

हां, 'टू' की 'विथ' राहिलंच. अमेरिकेत 'विथ' जास्त चालतं, ब्रिटिश वळणात 'टू', आणि आपली विद्यापीठं 'टू'च लिहितात. तेच छापा. मराठीत 'शिवाजी विद्यापीठाशी संलग्न'. जुनी लेटरहेडं शिल्लक असतील तर रद्दीत घालू नका. 'संलग्नित'मधली वेलांटी आणि शेवटचा 'त', एवढ्यावर व्हाइटनर फिरवला की भागतं.