वाचक विचारतात : माळ्यावरचे गळ मुलांच्या हाती देताना

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून साताऱ्यात राहतो. नोकरीमुळे धोम, कण्हेर, उरमोडी अशा धरणांच्या आसपास वर्षानुवर्षे राहावे लागले आणि त्यातून मासे धरण्याचा छंद जडला. आता गुडघे साथ देत नाहीत. माळ्यावर फायबरच्या आणि कार्बनच्या काठ्या, काही रिळे, गळांच्या डब्या, शिशाची वजने आणि तंगुसाची, म्हणजे गळ बांधायच्या नायलॉन दोऱ्याची, बंडले पडून आहेत. वाई तालुक्यातील आमच्या गावी भावकीतली मुले सुट्टीत नदीवर जातात, त्यांना हे सगळे वाटून टाकावे असे मनात आहे. सूनबाईंचे म्हणणे असे की मुलांच्या हाती गळ देण्यापेक्षा सरळ भंगारात घालावे. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : सूनबाईंची भीती निराधार नाही, परंतु भंगार हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्याकडील सामान मोठ्या माणसाने मोठ्या माशांसाठी जमवलेले आहे आणि ते आहे तसे दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याला बापाची फटफटी देण्यासारखे आहे. म्हणून वाटपाआधी एक-दोन दुपारी निवांत बसून निवड करावी. त्या निवडीत बहुधा निम्मे सामान बाजूला पडेल, त्याचे वाईट वाटू देऊ नये.

सर्वांत आधी कार्बनच्या काठ्या वेगळ्या काढाव्यात. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे नदीकाठ म्हणजे केवळ पाणी आणि झाडी नव्हे, तर शेतीपंपांच्या मोटारी, उघड्या पेट्या, जमिनीवरून गेलेल्या केबली आणि उसावरून लोंबणाऱ्या तारा हेही त्यात आलेच. लांब काठी उभी धरून बांधावरून चालणारे मूल पाण्याकडे पाहत असते, वर पाहत नसते. अशी काठी तारेला न टेकता नुसती जवळ गेली तरी झटका बसू शकतो. या काठ्या एखाद्या जाणत्या, वयाने मोठ्या छंदिष्टाला द्याव्यात. मुलांसाठी पाच-सहा फुटांची फायबरची काठी पुरे. फायबर किंवा कळक (बांबू) कोरडा असेपर्यंत त्यातून वीज सहजी जात नाही, मात्र ओला झाला की तोही भरवशाचा राहत नाही, तेव्हा तारांखाली काठी आडवी धरण्याची ताकीद प्रत्येक काठीबरोबर द्यावीच. आभाळ गडगडू लागले की काठी खाली ठेवून घरी यायचे, हेही त्यातच सांगून टाकावे.

फायबरच्या काठ्या देण्याजोग्या आहेत का, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. कापसाचा लहानसा बोळा घेऊन तो काठीवरच्या प्रत्येक कडीतून आतल्या बाजूने फिरवावा. कडीच्या आतल्या काचेसारख्या रिंगणाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो. अशी कडी तंगूस खरवडत राहते आणि मासा लागला की तो नेमका तिथेच तुटतो. नवी कडी बसवणे फारसे अवघड नसते. काठीचे अंगही हातरुमालाने पुसत न्यावे, कारण जुन्या फायबरच्या कुसळी निघतात आणि तळहातात शिरल्या की दिवसभर सलतात. कुसळ्या निघालेला भाग बारीक पॉलिश पेपरने घासून वर चिकटपट्टी गुंडाळली तरी भागते. काठीला तडाच गेला असेल तर मात्र ती देऊ नये. जुने देत आहोत म्हणून मोडके दिले तरी चालेल, अशी आपल्याकडे एक सर्रास समजूत आहे, आणि शाळांना मिळणाऱ्या पुस्तकांपासून खेळण्यांपर्यंत ती सगळीकडे दिसते.

तंगूस जुना असेल तर तो देण्याचा विचारच सोडावा. नायलॉन उन्हाने आणि वयाने ठिसूळ होतो, शिवाय रिळावर वर्षानुवर्षे गुंडाळून राहिल्याने त्याला वेटोळ्यांची सवय लागते व तो पाण्यावर सरळ पडत नाही. हातभर तुकड्याला एक साधी गाठ मारून झटक्यात ओढून पाहावे, सहज तुटला तर सगळे बंडल बाद समजावे. पाव मिलिमीटर जाडीचा नवा तंगूस फार महाग नसतो आणि चिलापी किंवा लहान रोहू यांना तो पुरतो. विणलेला, दोऱ्यासारखा दिसणारा धागा मुलांना मुळीच देऊ नये, कारण तो तुटत नाही आणि ताणला गेला की बोट कापतो. बाद झालेल्या तंगुसाचे वीतभर तुकडे करूनच तो कचऱ्यात टाकावा. काठावर फेकलेल्या सलग तंगुसात पाणकावळे, बगळे आणि कासवे अडकतात, आणि ते मरण फार हळू असते.

शिशाच्या वजनांबाबत कडक राहावे. चिरलेले मणी तंगुसावर दाताने दाबून बसवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते, मुलेही पाहून तेच करतात आणि त्याच हातांनी भाकरी खातात. शिसे शरीरात साचते आणि वाढत्या वयाच्या मेंदूला त्याचा अपाय मोठ्यांपेक्षा अधिक होतो. राजहंस शिशाचे मणी गिळून मरू लागल्यामुळे ब्रिटनमध्ये 1987 पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आहे. आपल्या मुलांना सायकलच्या दुकानातले लोखंडी नट बांधून द्यावेत, वजनाचे काम त्याने चोख होते.

आता गळ. तीन तोंडांचे गळ बाजूला काढावेत. एकेरी गळांपैकी लहान तेवढेच ठेवावेत. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, तेव्हा आठ ते बारा क्रमांकाचे गळ मुलांना योग्य. प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीत धरून सपाट दाबून टाकावा आणि नंतर तो गळ जुन्या कापडात खुपसून मागे ओढून पाहावा. कापड न फाटता गळ सुटला तर काम नीट झाले. काही मासे त्यामुळे निसटतील, मुले कुरकुर करतील, पण अंगठ्यात रुतलेला गळ सुटून येण्यासाठी हाच एक उपाय पदरी राहतो. उलटा काटा असलेला गळ मांसात गेला किंवा गळ डोळ्याजवळ लागला, तर ओढाओढ न करता तंगूस कापून मुलाला तसेच दवाखान्यात न्यावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चौकशीही तिथेच करावी.

रिळांमधली वाळू ओल्या फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले की ती पुन्हा फिरू लागतात. माझे मत विचाराल तर नऊ-दहा वर्षांखालील मुलांना रीळ देऊच नये. सात-आठ फुटी कळकाच्या शेंड्याला तेवढ्याच लांबीचा तंगूस, त्याला गळ, नट आणि थर्माकोलचा तरंगा एवढे पुष्कळ झाले. गळ मागे भिरकावण्याची गरज पडत नसल्याने मागे उभ्या असलेल्या भावंडाचे डोळे सुरक्षित राहतात. रीळ ज्यांना द्यायचे त्यांच्याकडून आधी अंगणात, गळाऐवजी नट बांधून, फेकण्याचा सराव करून घ्यावा.

राहिला प्रश्न कोणाच्या हाती द्यायचे हा. सामान मुलांच्या नावाने द्यावे, पण सोपवावे गावातल्या अशा एखाद्या प्रौढ माणसाकडे, ज्याला पोहता येते आणि जो मुलांबरोबर पाण्यावर जायला तयार आहे. असा माणूस सापडेपर्यंत सामान माळ्यावर राहिले तरी बिघडत नाही. वाटपाचा समारंभ करू नये, कारण समारंभात काठी ज्याच्या हाती पडते तो त्याच संध्याकाळी एकटा नदीवर जातो.

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो. शेजारच्या काकांनी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला त्यांची जुनी काठी आणि रीळ प्रेमाने दिले आहे. काठी परत केली तर काकांना वाईट वाटेल, पण कृष्णेत मगरी आहेत हे ऐकून माझी झोप उडाली आहे. मुलाला जाऊ द्यावे का?

उत्तर : काठी ठेवून घ्यावी, परंतु कृष्णेवर जाऊ देऊ नये. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरींचा वावर नेहमीचा आहे आणि नदीकाठी माणसांवर हल्लेही झालेले आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा मगर आणि माणूस एकाच डोहाशी येतात. त्याच सुमारास, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, मादी काठावरच्या वाळूत अंडी घालते आणि त्या जागेची राखण करते. गळ टाकून बसणारे मूल नेमके पाण्याच्या कडेला, खाली वाकून आणि बराच वेळ निश्चल बसते. जनावर कडेच्या पाण्यातूनच झेप घेते. त्यातच धरलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडून ठेवण्याची किंवा काठावरच मासे साफ करण्याची पद्धत असली तर ते जनावराला आवतण दिल्यासारखेच होते. मगरीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, तेव्हा तिला हुसकावणे हा मार्ग आपल्याला मोकळा नाही, जागा आपणच बदलायची.

काकांनाच विनंती करावी की एखाद्या रविवारी त्यांनी मुलाला बरोबर घेऊन माहितीतल्या गावतलावावर जावे. जो देतो त्याने शिकवावेही, ही मागणी अवाजवी नाही आणि बहुतेक काका लोक ती आनंदाने मान्य करतात. तलाव निवडताना मात्र एक चौकशी करावी. आपल्याकडचे पुष्कळसे तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यात सोडलेले कटला आणि रोहूचे बीज संस्थेने पैसे मोजून आणलेले असते. संस्थेच्या माणसाला आधी भेटून विचारले तर एका मुलाच्या काठीला तो सहसा नाही म्हणत नाही. न विचारता गेलात तर भांडण ठरलेले. देवळांच्या घाटावर गळ टाकणे टाळावे, तिथे लोक माशांना चुरमुरे घालायला येतात.

प्रश्न : मी जत तालुक्यातील एका वस्तीशाळेवर शिक्षक आहे. पुण्यातील एका परिचितांनी मुलांसाठी डझनभर काठ्या पाठवण्याची तयारी दाखवली आहे. आमच्याकडे नदी नाही, परंतु शेततळ्यांत मासे आहेत. स्वीकाराव्यात का?

उत्तर : शेततळ्यासाठी म्हणून स्वीकारू नयेत. प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे हे मुलांसाठी नदीपेक्षाही दगाबाज पाणी आहे. उतार तीव्र असतो, कागदावर शेवाळ धरते आणि आत घसरलेल्या माणसाला पकडायला दगड, मूळ, गवत काहीही मिळत नाही. पोहता येणारेसुद्धा तिथून वर येऊ शकत नाहीत आणि वाचवायला उतरलेलाही आतच राहतो. ज्या शेततळ्यांना कुंपण नाही आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडलेला नाही, त्यांच्याजवळ शाळेने मुलांना नेऊच नये. मालकाच्या बाजूनेही विचार करावा. गळ तळाशी अडकला की मूल तो ओढते, कागदाला भोक पडते आणि टँकरने किंवा मोटारीने भरलेले पाणी जमिनीत जिरते. दुष्काळी भागात एवढे नुकसान कोणी हसून सोडून देत नाही.

आपल्या परिचितांना मोकळेपणाने सांगावे की दोन काठ्या पुरेत. पाझर तलावाला चांगले पाणी असेल त्या हिवाळ्यात, चार-पाच मुलांचा गट, दोन मोठी माणसे आणि एक लांब दोर एवढ्या तयारीने एखादी सकाळ जरूर काढावी. पावसाळ्यात जाऊ नये. कटला, रोहू, मृगळ हे मासे पहिल्या पुराच्या पाण्यात अंडी सोडतात, त्यामुळे त्या महिन्यांत गळ टाकणे माशांच्याही हिताचे नाही आणि मुलांच्याही. काठ्या शाळेत कुलपात ठेवाव्यात आणि गळ त्यांच्यापासून वेगळे, मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असावेत.

प्रश्न : वडिलांच्या मागे त्यांचा पाग (हाताने फेकायचे जाळे) आणि नायलॉनची बारीक जाळी घरात आहेत. आम्ही कराडला असतो. वस्तीतील मुले मागतात. द्यावीत का?

उत्तर : मुलांना देऊ नयेत. पागाची दोरी मनगटाला बांधलेली असते. पाण्यातल्या खुंटाला पाग अडकला आणि प्रवाहाने ओढ घेतली तर मोठा माणूस पाय रोवून उभा राहतो, मूल ओढले जाते. पाग फेकणारे त्याची शिशाची कड दातात धरतात, तोही धोका आहेच. बारीक जाळ्यात बोटाएवढी पिले सापडतात आणि पुढच्या वर्षीचा मासा आदल्या वर्षीच संपतो, म्हणून ती कोणालाच न देता कापून टाकावीत. परसबागेवर पाखरांसाठी अंथरण्याचाही मोह नको, त्यात साप आणि पाखरे गुरफटतात. पाग मात्र चांगला असेल तर नदीवर पोट असलेल्या एखाद्या भोई कुटुंबाला विचारून द्यावा. हाताने विणलेला असल्यास त्यांना तो दुरुस्तही करता येईल.