ताण, तणाव, टेन्शन आणि 'सैल सोडा'

वरुड तालुक्यातल्या एका आशा ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात आरोग्य शिबिर भरणार आहे, विषय 'ताणतणाव व्यवस्थापन व शिथिलीकरण'. घरोघरी सांगत फिरताना एका आजोबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, "तनाव-गिनाव काई नाई वो इथं, सारे मिळूनमिसळून रायतेत." ताण आणि तणाव हे एकच का, फलकावर सरळ 'टेन्शन' लिहिलं तर चालेल का, आणि 'रिलॅक्स व्हा' हे गावात कसं सांगायचं, असं ताई विचारतात.

आजोबांचं काहीच चुकलेलं नाही. 'गावात तणाव' असं छापून आलं की पोलिसांची गाडी चौकात उभी आहे, हे पेपर वाचणाऱ्या कोणालाही कळतं. आजच्या मराठीत तणाव बहुतेक दोघांमधला असतो: दोन गटांतला, दोन देशांतला, सासू-सुनेतलासुद्धा. ताण मात्र एकट्याचा, डोळ्यांवर, कमरेवर, मनावर येणारा. जुन्या कोशांत 'तणावा' म्हणजे तंबूचा दोर, अरबी-फारसीतल्या 'तनाब'वरून आलेला. 'ताण'चं कूळ वेगळं, संस्कृत 'तन्' म्हणजे पसरणे, ओढणे. 'ताणतणाव' हा जोडशब्द 'बाजारहाट'सारखा कानाला बरा लागतो, पण अर्थात फारशी भर घालत नाही. शिबिराला ताण पुरेसा आहे.

विदर्भात हा शब्द शिकवावा लागत नाही, तो बागेत आहेच. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. बाग ताणावर सोडली, ताण बसला, ताण तोडला, ही वरुड-मोर्शी-काटोलची रोजची भाषा. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. दुपारी पानं मलूल होतात, हिरवा रंग फिका पडतो, काही पानं गळतात. झाडाची नवी वाढ थांबते, अन्नसाठा फांद्यांत राहतो आणि पाणी दिलं की तो फुलांच्या कामी येतो. पाणीही एकदम भडाभडा द्यायचं नाही, पहिलं हलकं. ताण लांबला तर मात्र फुलाऐवजी फांदी वाळते. त्या वाळक्या फांद्यांना 'सल' म्हणतात आणि काढणीनंतर 'सल काढणं' हे वेगळं काम असतं. मनातला सल आणि झाडावरची सल एकाच मुळाचे का, हा वेगळा विषय, पण शेजारी छान बसतात!

आणखी एक गंमत. वऱ्हाडी तोंडात ण चा न होतो आणि 'तहान'मधला ह गळतो, म्हणून ताण आणि तहान दोन्ही 'तान'च होतात. 'बागेले तान देल्ला' आणि 'मले तान लागली', उच्चार एक. व्युत्पत्तीनं यांचा संबंध नाही. तहान ही तृष्णा, प्राकृतात तण्हा. पण बागायतदाराच्या कानाला दोन्ही एकाच घरचे वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा? तेव्हा ताई, आजोबांकडे बाग असेल तर तिथूनच सुरुवात करा. झाडाला किती ताण द्यायचा हे त्यांना ठाऊक आहे. स्वतःला किती दिवस बसलाय, एवढंच विचारायचं.

वैद्यकातला 'स्ट्रेस' हाही उसना शब्द आहे, यंत्रशास्त्रातून आलेला. मॉन्ट्रियलमधले संशोधक हान्स सेल्ये यांनी 1936 साली दाखवलं की इजा कशानेही होवो, शरीर बरंचसं एकाच साच्यात प्रतिसाद देतं. पुढे त्यांनीच या प्रकाराला स्ट्रेस हे नाव रुळवलं. आपल्याकडे पदार्थविज्ञानात स्ट्रेसला 'प्रतिबल' म्हणतात आणि ताण हा टेन्शनचा प्रतिशब्द, जसं पृष्ठताण. म्हणजे 'टेन्शन'वाले वाटतात तितके अशुद्ध नाहीत.

टेन्शनबद्दल माझी तक्रार दुसरी आहे, ती क्रियापदाची. ताण येतो किंवा पडतो. घोर लागतो, धास्ती बसते. यात माणसाकडे दोष जात नाही, गोष्ट बाहेरून येऊन चिकटते. टेन्शन मात्र 'घेतात'. "काहून टेन्शन घेऊन रायला बे?" यात माया असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपणच कुठून तरी विकत आणलं. कापूस घरात पडून आहे, भाव नाही, पीककर्जाची तारीख आली, अशा माणसानं ते न घेण्याचं ठरवायचं कसं? शब्द खुशाल वापरा, सगळ्यांना समजतो. फक्त 'घेऊ नका' ऐवजी 'आलंय का' असं विचारा.

त्याहून बरं, नावच न घेता खुणा विचारा. झोप लागते का, अन्न गोड लागतं का, डोक्स भनभन करते का, मन कशात लागतं का. "लय इचार येतेत" असं कोणी म्हणालं तर ते विचारवंत झाले असं नाही. वऱ्हाडात 'इचार' म्हणजे बहुधा काळजीच. आणि "जगून काय फायदा" असं वाक्य कानावर आलं तर तिथे शब्दचर्चा थांबवून त्यांच्याजवळ बसा, आरोग्य केंद्रात कळवा आणि 14416 लावून द्या. ही 2022 पासूनची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फोन मोफत लागतो, दिवसरात्र.

आता 'शिथिलीकरण'. शिथिल होतात ते निर्बंध आणि संचारबंदी, माणूस नव्हे. 'आराम करा' हेही धोक्याचं: 'आराम पडला का' म्हणजे दुखणं बरं झालं का, आणि कापूस वेचून घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बाईला 'आराम करा' हा टोमणा वाटू शकतो. 'इसावा घ्या' चांगला, विसाव्याचंच ते रूप, पण तो कामाच्या मधला. शरीराला सूचना द्यायची तर मराठीत क्रियापद तयार आहे: सोडणे. अंग सैल सोडा. वऱ्हाडीत 'ढिल्लं सोडा'. घोर असलेल्या माणसाचे खांदे कानाकडे चढलेले असतात, दातावर दात असतो. तिथे ताण शब्दशः असतो. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू आवळून मग सोडण्याची पद्धत बसवली, ती गावच्या भाषेत दोन ओळींत मावते: मूठ गच्च आवळा, पाच मोजा, सोडा. मग खांदे, मग जबडा, मग पाय. श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. 'दम घ्या' म्हणालात तरी चालेल, पण 'दम लागला' म्हणणाऱ्याला आधी डॉक्टरांकडे पाठवा.

फलकावर मी लिहीन: 'टेन्शन आलंय? ताण कसा सोडायचा, या, करून पाहू.' टेन्शन किंवा टेंशन, दोन्ही चालेल. बोलताना खुशाल 'तान' म्हणा, लिहिताना ण ठेवा; 'तनाव' लिहिलंत तर ते हिंदी होईल.