गाडीचे प्रश्न: पुली लहान केली तर सुपरचार्जर किती टिकेल?

प्रश्न: मॅडम, माझ्याकडे २००५ ची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आहे. सेकंडहँड घेतली, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. ट्यूनर म्हणतो फ्री-फ्लो एक्झॉस्ट, कोन फिल्टर, रीमॅप आणि सुपरचार्जरला लहान पुली, असं सगळं एकदम करू. बाबा म्हणतात, हातही लावू नकोस. सुपरचार्जरचं आयुष्य नेमकं कशाने कमी होतं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ट्यूनर हे सगळं एका पॅकेजात विकतो म्हणून सारखंच वाटतं. पण सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंपाच्या, दृष्टीने ही चार वेगळी कामं आहेत आणि त्यातल्या दोघांची तुम्हाला काळजी करायलाच नको.

एक्झॉस्ट मोकळा केल्याने सुपरचार्जरला त्रास होत नाही. बूस्ट गेजवर, म्हणजे या हवेच्या दाबाच्या मीटरवर, दिसतो तो आकडा इंजिनात न शिरता दाराशी तुंबलेल्या हवेचा. बाहेर जायची वाट मोकळी झाली की तुंबणं कमी होतं, गेज थोडं खाली येतं आणि तरीही गाडी चांगली पळते. गेज खाली आलं म्हणून घाबरू नका. आवाज मात्र मर्यादेत ठेवा.

रीमॅपचंही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचंही, तसंच. टर्बोच्या गाडीत रीमॅपने बूस्ट वाढवता येतो आणि टर्बो जास्त वेगाने फिरतो. तुमचा सुपरचार्जर बेल्टने क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बांधलेला आहे. पुली तीच राहिली तर क्रँकच्या एका फेऱ्यामागे त्याचे फेरेही तेवढेच राहतात. फक्त रेव्ह लिमिट (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) वाढवू देऊ नका आणि बायपास झडपेच्या वेळा बदलू देऊ नका. सिंहगड रोडच्या गर्दीत तुम्ही रांगत असता तेव्हा हा बायपास उघडा राहून हवा गोल फिरवतो. त्यामुळे सुपरचार्जर फिरतो, पण ओझं ओढत नाही.

आता पुली. खरा खर्च इथे आहे, म्हणून हिशोबच मांडते. समजा क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि सुपरचार्जरची ७५. इंजिन ६,००० आरपीएमला असेल तर सुपरचार्जर १२,००० ला फिरतो. पुली ६५ ची केली की तोच १३,८०० च्या वर जातो, म्हणजे १५ टक्के जास्त वेग. ऐकायला फार वाटत नाही. पण बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. पुली लहान झाली की तिच्याभोवती बेल्टचा विळखा कमी होतो, बेल्ट घसरतो आणि मग मेकॅनिक तो जास्त ताणून बसवतो. त्या ताणाने पुढच्या बेअरिंगवरचा भार २० टक्के जरी वाढला, तरी वाढलेला वेग धरून त्याचं तासांतलं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. बेअरिंग खातो तो ताण. म्हणून पुली बदललीच तर योग्य लांबीचा बेल्ट घ्या आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) त्याच्या हद्दीच्या मधोमध बसतोय ना, ते स्वतः वाकून बघा.

पुली कुठून येते, हेही विचारा. भोसरीत माझ्या वर्कशॉपच्या गल्लीतच लेथवर पुली काढून देणारे हुशार टर्नर आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण १४,००० आरपीएमला फिरणाऱ्या पुलीला बॅलन्सिंग लागतं आणि बसवल्यावर डायल गेज लावून ती लचकत नाही ना, ते पाहावं लागतं. जुनी पुली पुलरनेच काढायची. हातोडी मारणाऱ्याच्या हातात गाडी देऊच नका. तो घाव थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो आणि आवाज काही महिन्यांनी येतो.

उष्णतेचा मुद्दा वेगळा. रूट्स प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये हवा आत दाबली जात नाही, बाहेर पडताना दाबाची हवा उलटी आत घुसते आणि तापते. दाब वाढवाल तशी ही उष्णता झपाट्याने वाढते. आतले रोटर, म्हणजे हवा ढकलणारे फिरते भाग, एकमेकांना न शिवता फिरतात, त्यांच्यातली फट अगदी बारीक असते. तापून ते फुगले की त्यांच्यावरचा लेप घासायला लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याहून निघून खंबाटकी चढताना ही परीक्षा होते. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी इंटरकूलरवर, म्हणजे ही तापलेली हवा थंड करणाऱ्या भागावर, करा. त्याने ताकदही मिळते आणि आयुष्यही.

कोन फिल्टरला माझा ठाम नकार. फिल्टरमधून सुटलेली धूळ सर्वांत आधी रोटरवरून जाते. चाकण-शिक्रापूर रस्त्यावरची किंवा मेट्रोच्या कामांची धूळ लेपाला पॉलिश पेपरसारखी घासते. शिवाय उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मूळ बॉक्स ठेवा, कागदी फिल्टर वेळेआधी बदला.

बाबांचं एका बाबतीत ऐका. या १.८ लिटर इंजिनात टायमिंग चेन सैल होण्याची आणि कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) अॅडजस्टरचे दाते झिजण्याची जुनी खोड आहे, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या, नळ्याही तडकतात. हे तपासल्याशिवाय एक रुपयाही ताकदीवर घालू नका. आणि पुलीचं काम विम्याच्या कंपनीला कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबाहेरच्या बदलांना मनाई करतं. अपघातानंतर वाद नको.

माझ्या मते तुम्ही इंटरकूलर आणि मूळ पुलीवरचा साधा रीमॅप एवढंच करावं.

प्रश्न: माझ्या सुपरचार्ज्ड गाडीत काहीच बदल केलेले नाहीत, तरी आयडलिंगला पुढून खडखड येते. रेस दिली की थांबते. एका गॅरेजने पूर्ण सुपरचार्जर बदलायला सांगितलंय.
– एक वाचक, निगडी

उत्तर: ताई, थांबा. आयडलला खडखड आणि रेसवर गायब, हे बहुतेक वेळा पुली आणि रोटरच्या गिअरमधला कपलर, म्हणजे दोघांना जोडणारा तुकडा, झिजल्याचं लक्षण असतं. तो छोटा भाग आहे, अख्ख्या युनिटच्या मानाने फार स्वस्त. वेगाबरोबर चढत जाणारी किंचाळी असती तर मी बेअरिंग म्हटलं असतं. कपलर बदलताना पुढच्या गिअरचं तेलही बदलून घ्या. ते इंजिन ऑइलपासून वेगळं असतं आणि बरेच जण आयुष्यभर त्याला हात लावत नाहीत. तिथे कंपनीने सांगितलेलंच तेल घाला, इंजिनचं नाही, आणि पातळी गाडी थंड असताना मोजा. बाहेर काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर ओतून मला त्याचा फोटो पाठवा. त्यात धातूची चमक असेल तर पुढचं बोलू.