सूर्याकडे बघू नकोस, उन्हात बस

प्रिय मुली,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. अभ्यासिकेतून रात्री दीडला रूमवर येतेस, सकाळी डोकं जड, वाचलेलं टिकत नाही, म्हणून गच्चीवर जाऊन उगवत्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायला लागलीस, पहिल्या दिवशी 10 सेकंद, मग रोज 10 वाढवत 44 मिनिटांपर्यंत न्यायचं, आणि व्हिडिओतले गुरुजी म्हणतात हेच आयुर्वेदातलं खरं सूर्यध्यान. आता पुस्तकातल्या ओळीच्या मधोमध पुसट डाग दिसतो, ती 'शुद्धी' समजून चालू ठेवू का, असं विचारतेस.

आजपासून बंद. उद्या बघू नाही, आजपासून. आणि ह्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, बाहुली मोठी करून रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, तपासून घे. रेटिनाला दुखणं कळत नाही गं, म्हणून 'मला काहीच त्रास होत नव्हता' ह्या वाक्याला काडीचीही किंमत नाही. माझ्याकडे असेच एक शिक्षक आले होते, वहीतलं मधलं अक्षरच दिसेना म्हणून, आणि आले तेव्हा बरेच महिने उलटून गेले होते. ते अजून डोळ्यांसमोर आहेत माझ्या. त्यांना आधी कोणीतरी ओरडायला हवं होतं, म्हणून तुला ओरडतोय.

आता आयुर्वेदाचं. वाग्भटाचा अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, त्याचा दुसरा अध्याय दिनचर्येचा, ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून सुरू होतो. त्याच अध्यायात वाग्भट सरळ सांगतो, 'सर्वथेक्षेत नादित्यम्', म्हणजे सूर्याकडे मुळीच बघू नये. आणि लगेच पुढे म्हणतो की बारीक आणि झगझगीत वस्तूंकडेही एकटक बघत राहू नये (तुझा रात्री दीडचा मोबाइल त्यात आला का नाही सांग). मनुस्मृतीतही उगवत्या आणि मावळत्या सूर्याकडे बघू नये असंच आहे. कॉलेजात हे श्लोक आम्ही मार्कांसाठी घोकले आणि परीक्षा झाली की विसरलो, त्यांचा अर्थ पुढे पेशंटनी शिकवला. आणि आता कोणीतरी व्हिडिओत त्याच वाग्भटाच्या नावावर नेमकं उलटं विकतो. मला लोक म्हणतात, वैद्य असून तुम्ही परंपरेच्या आड येता. अरे, मी परंपरेतलंच सांगतोय, तुम्ही पान उघडून तरी बघा! त्राटकाचा, म्हणजे एकटक बघण्याच्या योगक्रियेचा दाखला देतात, पण हठयोगप्रदीपिकेत त्राटकाला सूक्ष्म लक्ष्य सांगितलंय, सूर्य कुठून सूक्ष्म झाला?

सूर्याकडे बघायचं नसतं, उन्हात बसायचं असतं. हे वहीच्या पहिल्या पानावर लिही.

उन्हाला आपल्याकडे आतप म्हणतात आणि ते औषधासारखं मोजून घ्यायचं असतं. चरकानं लंघनाच्या, म्हणजे शरीर हलकं करायच्या उपचाराच्या, दहा प्रकारांत आतप धरलाय, अग्नीशिवाय घाम काढायच्या उपायांतही धरलाय. हेमंतात वाग्भट 'युक्तीनं' ऊन घ्या म्हणतो, ग्रीष्मात आणि शरदात सोडा म्हणतो, म्हणजे ऑक्टोबर हीटमध्ये हौसेनं तापत बसायचं नाही. पाठीवर ऊन आणि पोटाशी शेकोटी, असं जुनं सुभाषितच आहे.

तर तू असं कर. उठलीस की तोंड धुऊन पाणी पी, दोन चमचे तिळाचं तेल कोमट करून मान, खांदे, तळपाय एवढ्याला लाव (पूर्ण अभ्यंग कॉट बेसिसच्या रूममध्ये जमणार नाही, ते सुट्टीत घरी). गच्चीवर चटई टाकून पूर्वेकडे पाठ करून बस. डोळे मिट. पहिल्यांदा काहीच कळत नाही, मग मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधे ऊब जाणवायला लागते, ती हळूहळू कमरेकडे सरकते. लक्ष तिथे ठेव, श्वास त्या उबेपर्यंत जातोय असं धर, मन पळालं की परत पाठीवर आण. मंत्र येत असेल तर म्हण, नाहीतर सूर्यनमस्कारातली मित्र, रवि, सूर्य, भानु ही नावं सावकाश घे. दहा मिनिटं झाली की डोळे उघड आणि समोरच्या इमारतीवर ऊन वरून खाली कसं उतरतंय ते नुसतं बघत आणखी दहा मिनिटं बस. झालं सूर्यध्यान. मेंदूतलं झोपेचं घड्याळ लागायला हा मोकळ्या आकाशाचा उजेड पुरतो, ढगाळ असलं तरी तो खोलीतल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो, सूर्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

अर्घ्य द्यायचं असेल तर जरूर दे, आजीचा तांब्या आहेच तुझ्याकडे. पण 'पाण्याच्या धारेतून बघितलं तर चालतं' हे मला ऐकवू नकोस. नजर पायाशी पडणाऱ्या पाण्यावर.

आणि एक, ह्यातून व्हिटॅमिन डी मिळेल म्हणून बसू नकोस. सूर्य इतका खाली असताना त्याला लागणारे किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. थकवा जात नसेल तर रक्त तपास, कमी निघालं तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घे, त्यात आयुर्वेदाचा काही अपमान होत नाही.

वेळेचं म्हणशील तर पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, जूनमध्ये सहाच्या आसपास. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू होतो, म्हणजे हिवाळ्यात साडेपाच. दीडला झोपून साडेपाचला उठायचा हट्ट धरशील तर तोही नको. आधी अभ्यासिका अकराला सोड. तुझ्या बॅचची मुलं दोनपर्यंत बसतात, माहितीये मला, बसू देत. माझ्या उमेदीच्या वर्षांत सकाळी सातपासून दवाखान्याच्या रांगेत दिवस उजाडायचा, अंगावर कोवळं ऊन कधी घेतलंच नाही, ती वर्षं कोणी परत आणून देत नाही. तू पंचविशीतली आहेस, तुझ्याकडे गच्ची आहे, आणि पाठ करून बसायला पैसे पडत नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, मग तेल आणि झोपेचं बोलू. तोवर तो व्हिडिओ मैत्रिणींना फॉरवर्ड केला असशील तर त्यांनाही आजच सांग.

तुझा,
वैद्य काका